बंदिमुक्ताचा चरितार्थ

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेले कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके शतकाहून अधिक काळ मुंबईच्या सेवेत राबत आले आहेत. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांवाटे घाटाखाली उतरवून टाटांनी १९१५ साली खोपोलीस जी वीज निर्माण केली ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. पुढे १९२२ च्या सुमारास भिवपुरीस जे दुसरे वीजगृह उभे राहिले तेही त्याच नगरीसाठी. आणि रसायनी-पाताळगंगेचे कारखाने, द्रुतगती मार्ग, नेरळपासून काशेळे-कडावपर्यंत उभी राहिलेली शेतघरे ही सारी त्याच नगरीच्या गरजांतून व हौसेतून निघालेली. अशा मुलखात हाताला काम मिळू नये हे ऐकणाराला सहसा खरे वाटत नाही. दिवाळी उलटली की वीटभट्ट्यांना माणसे हवी असतात, कारखान्यांच्या ठेकेदारांना हमाल हवे असतात, शेतघरांना माळी आणि राखणदार हवे असतात, आणि नाक्यावर सकाळी उभ्या राहिलेल्या मजुराला ऊन चढण्यापूर्वी कोणी ना कोणी घेऊन जाईल अशी निदान आशा तरी असते. तथापि त्या उभ्या माणसांत एखादा असा असतो की ज्याच्याकडे मुकादमाची नजर गेली की ती लगेच पुढच्या माणसाकडे सरकते, कारण तो नुकताच तुरुंगातून आलेला आहे आणि ही गोष्ट वाडीत, बाजारात व पोलीस ठाण्यात सर्वांना ठाऊक आहे. त्या माणसाने पोट कसे भरावे, आणि ते भरता न आल्यामुळे तो पुन्हा त्याच दारात जाऊ नये यासाठी कोणी काय करावे, हा या लेखाचा विषय आहे. हा प्रश्न कोणत्याही एका खात्याच्या आवाक्यातला नाही. आणि आजवर तो सुटला नाही याचे मुख्य कारण प्रत्येक खात्याने तो आपापल्या हद्दीपुरताच पाहिला हे आहे, अशी माझी पक्की धारणा झाली आहे.

तुरुंगातून आलेला माणूस म्हटला की त्याने गुन्हा केला, त्यास शिक्षा झाली, ती भोगून तो परतला, असे एक सरळ चित्र आपल्या मनात उभे राहते. ते बहुतांशी चुकीचे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या कारागृहविषयक अहवालानुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा ७५.८ इतके, न्यायाधीन होते. ज्यांना तुरुंगाच्या बोलीत कच्चे कैदी म्हणतात ते हे लोक. त्यांच्यावरील आरोप सिद्ध झालेला नसतो, पुढे तो होईलच असेही नसते. परंतु महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे ते गजांआड असतात. पक्क्या कैद्यास निदान काम तरी दिले जाते व त्या कामाची मजुरी, २०२३ साली वाढ होऊनही दिवसाला शंभर रुपयांच्या आतली का होईना, त्याच्या खात्यावर पडते. कच्च्या कैद्यास कामाची सक्ती नाही आणि म्हणून बहुधा कामही नाही. सुतारी, शिवण, विणकाम यांचे जे कारखाने मोठ्या कारागृहांत चालतात त्यांचा त्यास फारसा उपयोग होत नाही. सुटून आलेल्यांना हात देण्याच्या ज्या सरकारी तरतुदी आहेत त्यांतील बहुतेक शिक्षा भोगून सुटलेल्यास डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असल्यामुळे, ज्याच्यावर गुन्हा शाबीतच झालेला नाही असा इसम त्यांच्या लाभापासून सर्वांत दूर राहतो. निरपराध मानला गेलेला माणूस अपराध्याहून अधिक निराधार असावा, हे मला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत जाचणारे वैगुण्य वाटते.

रायगड जिल्ह्याचे कारागृह अलिबागेस हिराकोटात आहे. कान्होजी आंग्रे यांनी १७२० च्या सुमारास अजस्र काळ्या पाषाणांचा हा कोट बांधला, आणि ज्या भिंती आंग्र्यांच्या दौलतीच्या रक्षणासाठी रचल्या गेल्या त्यांच्याच आड आज जिल्ह्यातील बंदी दिवस मोजतात. दुसरे कारागृह तळोज्याचे, पनवेल तालुक्यातले. कर्जतच्या डोंगरपट्ट्यातील एखाद्या वाडीवरून हिराकोटातल्या नवऱ्याच्या मुलाखतीस निघालेल्या बाईने आधी कर्जत गाठावे, गाडीने खोपोलीस यावे, तेथून एस.टी.ने पेणला, मग वडखळ-पोयनाडवरून अलिबागेस जावे, काही मिनिटांची भेट घ्यावी आणि दिवस मावळल्यावर परतावे. या एका भेटीची किंमत एक दिवसाची मजुरी अधिक जाण्यायेण्याचे भाडे इतकी पडत असल्यामुळे भेटी विरळ होत जातात. आणि भेटी विरळ झाल्या की सुटकेच्या वेळी बाहेर कोण उभे असेल याचीही शाश्वती उरत नाही.

या दोन तालुक्यांत कातकरी आणि ठाकूर यांची वस्ती मोठी आहे. त्यांचे नाव येथे घेतो ते त्यांच्यात गुन्हे अधिक घडतात म्हणून नव्हे, तर एकदा कायद्याच्या जाळ्यात सापडल्यावर बाहेर पडणे ज्यांना सर्वांत कठीण जाते असे लोक म्हणून. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा मूळ धंदा. इंग्रजी अमदानीत जंगल राखीव झाले आणि तो धंदा गेला. पुढे कोळसाभट्ट्या आल्या, त्याही गेल्या. डोंगरउतारावरच्या दळी जमिनींत नाचणी-वरी पिकवणाऱ्यांचा हक्क कागदावर येण्यास २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला, आणि तो कागद हाती न आलेली कुटुंबे आजही आहेत. केंद्र सरकारने ज्या आदिवासी समूहांस विशेष असुरक्षित मानले आहे त्यांत महाराष्ट्रातील कोलाम व माडिया गोंडांबरोबर कातकऱ्यांची गणना होते. अशा कुटुंबातील माणसाला न्यायाधीश जामीन मंजूर करतात तेव्हा तो सुटतोच असे नाही, कारण जामीनदार ऐपतदार हवा, त्याची ऐपत सातबाऱ्याच्या उताऱ्याने शाबीत व्हावी अशी सर्वसाधारण अपेक्षा असते, आणि वाडीवर सातबारा असलेला माणूस शोधून सापडत नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. त्यास दहा हजारांचा जामीन मागितला गेला होता आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे एवढ्यावरून भावाची हमी नाकारली गेली होती. गरिबाला परवडणार नाही असा जामीन मागणे म्हणजे जामीन नाकारणेच होय, असा त्या निकालातील न्या. कृष्ण अय्यर यांच्या विवेचनाचा आशय आहे. पन्नास वर्षे होत आली तरी तो गवंडी वेगवेगळ्या नावांनी प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात उभा असतो.

उदाहरणादाखल खालापूर तालुक्यातील एखाद्या वाडीवरचा पंचविशीतला तरुण घेऊ. तो काल्पनिक आहे. त्याच्या वाटेवरचे टप्पे मात्र तसे नाहीत. बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातून भंगार उचलल्याचा त्याच्यावर आरोप आहे. काही महिन्यांनी जामिनाची व्यवस्था होते, सुटकेचा हुकूम कारागृहात पोचतो, आणि बंदीची वेळ होण्यापूर्वी तो पोचला तरच त्या दिवशी सुटका होते. नाही तर आणखी एक रात्र. दारात त्यास अंगझडतीच्या वेळी जमा केलेल्या वस्तू परत मिळतात: कमरेचा पट्टा, केव्हाच मान टाकलेला मोबाइल, आणि खात्यावर शिल्लक असेल ती रक्कम. कपडे पिशवीत घालून तो हमरस्त्यावर येतो, पनवेल गाठतो, खोपोलीकडे जाणाऱ्या एस.टी.तून चौक फाट्यावर उतरतो आणि उरलेली वाट अंधारात चालतो. घरी आल्यावर त्यास कळते की वकिलाच्या फीसाठी बायकोने वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतलेली आहे, आणि ती फिटेपर्यंत दोघांनाही पावसाळ्यापर्यंत भट्टीवर राहावे लागणार आहे. भट्टी दुसऱ्या तालुक्यात. इकडे जामिनाची अट अशी की दर आठवड्यास ठाण्यात हजेरी द्यावी आणि परवानगीखेरीज हद्द सोडू नये. त्याशिवाय महिन्या-दोन महिन्यांनी न्यायालयाची तारीख आहेच, आणि त्या तारखेला बहुधा पुढची तारीख मिळण्यापलीकडे काही घडत नाही. हजेरीसाठी भट्टी सोडली की मालक खर्ची कापतो. दोनचार वेळा सोडली की मालक कायमचे जा म्हणतो, पण उचल अंगावर राहतेच. भट्टी सोडली नाही की तारीख चुकते, वॉरंट निघते, जामीन रद्द होतो आणि तो पुन्हा आत जातो. या साऱ्या हकिकतीत नवा गुन्हा कोठेही नाही. तुरुंगात पुन्हा गेलेल्यांची मोजदाद करणारा मात्र त्याचे नाव सराईतांच्या रकान्यात घालण्याचा संभव आहे, आणि पुढे चोरी कोठेही झाली तरी पहिला जीपगाडीचा आवाज त्याच्याच झोपडीपाशी येतो.

आता हा तरुण भट्टी सोडून दुसरे काम शोधू लागला असे समजू. या भागात सर्वांत मुबलक काम राखणदारीचे. प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर, प्रत्येक शेतघराच्या ओट्यावर गणवेशातला एक माणूस बसलेला दिसतो. परंतु खाजगी सुरक्षा संस्थांविषयीचा २००५ चा कायदा शिक्षा झालेल्या इसमास सुरक्षारक्षक म्हणून नेमण्यास बंदी करतो, आणि शिक्षा न झालेल्याचेही पूर्ववृत्त पोलिसांकडून तपासून घेण्यास सांगतो; खटला चालू असल्याचा शेरा त्या कागदावर आला की त्याच्या नावापुढे फुली पडते. कारखान्याच्या आतले काम घ्यावे, तर रसायनीत एके काळी सरकारी हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्ससारखा कारखाना कायम नोकऱ्या देत होता. तो बंद करण्याचा निर्णय २०१७ साली झाला. आज या पट्ट्यातील बरीचशी मजुरी ठेकेदारामार्फत होते, आणि ठेकेदाराकडील माणसालाही फाटकाच्या पाससाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला आणण्यास सांगितले जाते. येथे एका निकालाची आठवण द्यावीशी वाटते. अवतार सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली असे ठरविले की उमेदवाराने आपल्यावरील खटल्याची माहिती खरी सांगावी. परंतु माहिती मिळाल्यावर मालकाने अपराधाचे स्वरूप, तो क्षुल्लक की गंभीर, आणि ज्या पदासाठी अर्ज आहे त्याची जबाबदारी यांचा सारासार विचार करावा. मालकाकडून विवेकाची अपेक्षा कायदा करतो. खोपोलीच्या एखाद्या ठेकेदाराच्या कारकुनापर्यंत हा निकाल कोणी पोचवलेला नाही, यात त्या कारकुनाचा दोष नाही.

सुटलेल्या माणसास वाऱ्यावर सोडू नये हा विचार आपल्याकडे नवा मुळीच नाही. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने कैद्याची सुधारणा व पुनर्वसन हे तुरुंगाचे उद्दिष्ट म्हणून मांडले आणि सुटकेनंतरच्या साहाय्याचा पुरस्कार केला. मुंबई प्रांताने १९३८ साली, देशाने १९५८ साली, अपराध्यास तुरुंगाऐवजी देखरेखीखाली समाजातच ठेवण्याचा परिवीक्षा कायदा केला. त्यातील बारावे कलम तर असे की परिवीक्षेवर सोडलेल्या माणसास दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता चिकटू नये. हे कलम किती मोलाचे आहे आणि त्याचा आधार किती थोडे अर्जदार घेतात! १९५० च्या दशकात म. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अनुरक्षणाचा, म्हणजे सुटकेनंतरच्या सांभाळाचा, तपशीलवार विचार केला. १९८० ते १९८३ या काळात न्या. मुल्ला समितीने तोच विषय पुन्हा मांडला. अहवालांची उणीव आपणांस कधीच पडली नाही. उणीव आहे ती जोडणीची. महाराष्ट्रात कारागृह गृहखात्याकडे, परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास खात्याकडे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था कौशल्य विकासाकडे, मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, आणि कातकऱ्यांच्या दाखल्यांपासून घरकुलापर्यंतचे सारे पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे. माणूस एकच, पण त्याची दप्तरे पाच. आणि ज्या दिवशी तो तुरुंगाचे दार ओलांडतो त्या दिवशी या पाचांपैकी एकाही दप्तरातून दुसऱ्या दप्तरास साधे एक पत्र जाण्याची सक्ती नाही.

ही तुटलेली जोडणी साधण्याचा जो प्रयत्न महाराष्ट्रात सर्वांत दीर्घकाळ व निष्ठेने चालू आहे तो टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा. या संस्थेने १९९० साली ‘प्रयास’ नावाचा क्षेत्रकार्य प्रकल्प सुरू केला. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहापासून निघालेले हे काम पुढे मुंबई-ठाणे परिसरातील इतर कारागृहांत व राज्याबाहेर गुजरातेतही गेले, आणि विजय राघवन यांच्यासारख्या अध्यापकांनी त्यास आयुष्य दिले. प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्याने ठाण्यात, न्यायालयात आणि तुरुंगात प्रत्यक्ष जाऊन बसावे, ही त्यांची पद्धती. वरकरणी ती साधी दिसते, पण बंद्याच्या घरी निरोप कोणी द्यायचा, जामीनदार मिळत नाही हे न्यायालयास कोणी सांगायचे, आजारी बाईस रुग्णालयात कोणी न्यायचे, अशी जी कामे कोणत्याच सरकारी नोकराच्या कर्तव्यसूचीत बसत नाहीत ती तेथे बसलेला कार्यकर्ता करतो. त्यांनी काढलेली एक युक्ती मला फार मोलाची वाटते. सुटलेल्या माणसास एकदम उघड्या बाजारात न ढकलता, काही महिने दुसऱ्या एखाद्या स्वयंसेवी संस्थेत कामास ठेवायचे, आणि त्या अवधीत त्यास विद्यावेतन द्यायचे. ज्या संस्थेत तो जातो तिच्यावर पगाराचा बोजा पडत नाही, म्हणून ती त्यास घेण्यास कचरत नाही. त्यास वेळेवर येण्याची, हिशेब देण्याची, वरिष्ठाचा शब्द सोसण्याची सवय पुन्हा लागते. आणि पुढच्या मालकाने ‘मधली वर्षे कोठे होता’ असे विचारले तर त्यास आज कोठे आहे ते मान वर करून सांगता येते. भीतीचा पहिला भार तिसऱ्याच कोणी उचलल्याखेरीज मालक व बंदिमुक्त यांची गाठ पडत नाही, हे या योजनेने ओळखले.

काम हाताशी असले तरी घर नसेल तर ते टिकत नाही, हे ओळखणाराही एक प्रयोग आपल्याच मुलखात झाला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने, १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसविली. तेथे कैद्याने आपल्या बायकामुलांसह राहावे, जमीन कसावी, पिकवावे आणि विकावे अशी व्यवस्था होती, आणि शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्या प्रयोगावरूनच सुचला. त्याची कथा लिहिणारे माडगूळकर त्याच माणदेशाचे. चित्रपट सर्वांना आठवतो, वसाहत थोड्यांना. पण त्या वसाहतीचे मर्म भिंत नसण्यात जितके होते त्याहून अधिक ते कुटुंब सोबत असण्यात होते, असे मला वाटते. कैद्यावर कमावता माणूस म्हणून विश्वास ठेवण्याचे एक अलीकडचे उदाहरणही नमूद करण्याजोगे आहे: महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवड्यास ‘जिव्हाळा’ ही योजना सुरू केली, आणि कैद्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत, सात टक्के व्याजाने, त्याच्या तुरुंगातील मजुरीच्या भरवशावर कर्ज देऊ केले. घरच्या आजारपणास, मुलांच्या शिक्षणास, वकिलाच्या फीस त्या पैशाचा उपयोग व्हावा हा हेतू. वीटभट्टीच्या उचलीशी या कर्जाची तुलना करून पाहावी म्हणजे त्याचे मोल कळेल. दुर्दैवाने जो कच्चा कैदी आहे, ज्यास मजुरीच नाही, त्याच्या बायकोस ही वाट मोकळी नाही.

स्त्री बंद्यांची संख्या थोडी, म्हणून त्यांचा विचारही थोडा होतो. पुरुष सुटून आला तर घर त्यास बहुधा सामावून घेते. बाई सुटून आली तर माहेर आणि सासर एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि तिला नोकरीआधी निवारा शोधावा लागतो. मुलांच्या बाबतीत मात्र शासनाने एक शहाणपणाची तरतूद केली आहे. बालसंगोपन योजनेत आईबाप तुरुंगात असलेल्या मुलांचाही समावेश होतो आणि दरमहा २,२५० रुपये मिळतात. ही योजना ज्या खात्याची, परिवीक्षा अधिकारीही त्याच खात्याचा. अटकेनंतर पहिल्या आठवड्यात या अधिकाऱ्याने वाडीवर एक फेरी मारली तर शाळेतून काढून भट्टीवर नेली जाणारी दोन मुले वाचतील.

ज्यांच्या घरी चोरी झाली, ज्यांना मार बसला, त्यांचे काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील तर तो रास्तच आहे. कर्जतच्या शेतकऱ्याची पाण्याची मोटार जाते तेव्हा त्याचा हंगाम जातो, आणि त्यास चोराच्या पुनर्वसनाचे पुराण ऐकण्याची इच्छा नसते. त्याच्या रागास मी कमी लेखणार नाही. कैद्याच्या मजुरीतून काही हिस्सा अपराधाची झळ पोचलेल्यांसाठी राखावा असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सुचविले, ते योग्यच होते. प्रत्येक माणूस प्रत्येक कामास लायक असतो असेही नाही. लहान मुलांवर अत्याचार केलेल्यास शाळेच्या आवारात काम देता येणार नाही, आणि हे स्पष्ट बोलण्यास पुनर्वसनवाद्यांनी लाजू नये. परंतु मोटार नेणारास काम न देण्याने मोटार परत येत नाही, आणि दुसरी मोटार जाण्याचा धोका मात्र वाढतो. शेतकऱ्याच्या हिताचा विचार केला तरी निर्णय कामाच्याच बाजूने लागतो.

सिंगापूरने या बाबतीत जे केले ते आकाराने लहान अशा नगरराज्यात केले हे ध्यानात ठेवूनही त्यातले एक तत्त्व घेण्यासारखे आहे. १९७६ साली तेथे कैद्यांच्या रोजगारासाठी स्वतंत्र महामंडळ झाले, २००० साली तुरुंग, मंत्रालये व स्वयंसेवी संस्था यांचे एकत्र जाळे उभे राहिले, आणि २००४ पासून ‘पिवळी फीत’ या नावाने सामान्य नागरिकांस आवाहन सुरू झाले. जाळे आधी विणले गेले आणि जनतेला हाक नंतर घातली गेली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो; आपण बहुधा उलट करतो.

जाळ्याचा पहिला धागा रायगडात आयताच उपलब्ध आहे. गरीब बंद्यांना साहाय्य करण्याची जी योजना केंद्रीय गृहमंत्रालयाने २०२३ साली आणली तीत जामिनाची वा दंडाची रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत शासन भरू शकते, आणि ती मंजूर करण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि एक न्यायाधीश यांची समिती योजलेली आहे. जे पाच अधिकारी एका माणसास तुरुंगाबाहेर काढण्यासाठी एका मेजाभोवती बसू शकतात, त्यांनीच त्या माणसाच्या पुढच्या तीन महिन्यांची तजवीजही त्याच बैठकीत करावी, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यासाठी परिवीक्षा अधिकारी आणि पेणच्या प्रकल्प कार्यालयाचा प्रतिनिधी यांना आणखी दोन खुर्च्या द्याव्यात. कामाचे पुढचे टोक तालुक्यात असावे. कर्जत व खालापूर येथील तालुका विधी सेवा समित्यांचे अध्यक्षस्थान न्यायाधीशाकडेच असते. वीटभट्टीच्या हंगामात मजुरांच्या तारखा एकत्र लावणे, वकिलामार्फत हजेरीमाफीचा अर्ज वेळेवर देणे, ठाण्यातील हजेरी भट्टीनजीकच्या ठाण्यात देण्याची सवलत मागणे, या गोष्टी त्या समितीच्या मनावर घेण्याने होतील, नव्या कायद्याची गरज नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील गवंडी, वायरमन वा जोडाऱ्याच्या अल्पमुदती वर्गांत दोन जागा राखल्या, कर्जतच्या भात संशोधन केंद्राने हंगामात मजूर घेताना समितीच्या यादीकडे पाहिले, आणि ठाणे अंमलदाराने त्या यादीतील माणसास कामावरून उचलून आणण्यापूर्वी मालकास एक दूरध्वनी केला, तर त्यासाठी लागणारा खर्च कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात डोळ्यांत भरणार नाही. पोलिसांचा भाग यांत सर्वांत नाजूक आहे. प्रतिबंधक कारवाईच्या चॅप्टर केसी आणि दोन वर्षांपर्यंतची तडीपारी ही हत्यारे त्यांच्याकडे आहेत व काही प्रसंगी ती आवश्यकही असतात. पण कामाला लागलेल्या माणसावर ती उगारली की पहिला बळी त्या कामाचा जातो, हे त्यांनाच सर्वांहून अधिक ठाऊक असते.

पुढे जे लिहितो ते या अंकाच्या त्या वाचकांसाठी, ज्यांचे कर्जत-नेरळच्या बाजूस शेतघर आहे, खोपोली-रसायनीत कारखाना आहे, किंवा पनवेलपासून घाटापर्यंत कोठे बांधकाम चालू आहे. राखणदारी सोडून इतर कामे, म्हणजे बागेची, रंगाची, सुतारकामाची, स्वयंपाकघरातली, मालाच्या चढउताराची, बंदिमुक्तास देण्यास कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे अशी एक जागा असेल तर ती कोणत्या कामाची आहे, मजुरी किती, आणि न्यायालयाच्या तारखेस सुटी देता येईल की नाही, एवढ्या तीन गोष्टी लिहून कर्जत वा खालापूर न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे पत्र पाठवावे, आणि माणूस पाठवताना त्याच्यावरील आरोप काय आहे ते आपणांस खरे सांगावे अशी अट अवश्य घालावी. पत्रास उत्तर आले नाही तर दुसरे पत्र जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांस अलिबागेस पाठवावे.